ओटीपर्यंतची माया

पहिला पाऊस पडून आठवडा झाला, की मुरबाड आणि शहापूरच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बाया शेवळं घेऊन बसतात. जमिनीतून नुकते वर आलेले जांभळट कोंब, त्यांच्या बांधलेल्या जुड्या आणि शेजारी काकडांचा छोटा ढीग, कारण काकडांचा आंबट रस लागल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही. कल्याण-ठाण्याच्या कायस्थ प्रभू घरांत या भाजीची वर्षभर वाट पाहिली जाते. बाईनं पहाटे रानात शिरून उकरलेली शेवळं, ओढ्यात दगडाखाली हात घालून धरलेल्या चिंबोऱ्या, करवंदं, भारंगीचा पाला, सगळं सगळ्यांना चालतं. गिऱ्हाईक तिच्याशी हसून बोलतं, गेल्या वर्षीची ओळख काढतं, एखादी जुडी वर मागून घेतं. त्याच बाईच्या हंड्यातलं पाणी मात्र गावातल्या जुन्या पिढीनं सहसा प्यायलेलं नसतं. रानातून आलेलं चालतं, तिच्या चुलीवरून आलेलं चालत नाही.

माणसं एकमेकांना किती जवळ येऊ देतात हे मोजण्याची एक पट्टी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एमरी बोगार्डस यांनी १९२५ साली तयार केली. तिच्या पायऱ्या साध्या आहेत. अमुक वंशाच्या माणसाला तुम्ही लग्नसंबंधानं नातेवाईक करून घ्याल का? मित्र म्हणून? शेजारी म्हणून? कामावरचा सोबती म्हणून? देशाचा नागरिक म्हणून तरी? ‘सामाजिक अंतर’ ही कल्पना या पट्टीमुळे जगभर रुळली. कॅलिफोर्नियात प्रश्नावली वाटून मोजावं लागलेलं हे अंतर आपल्याकडच्या जुन्या घराच्या बांधणीत आयतं दिसतं. शहापूर-मुरबाडच्या कुणबी, आगरी घरांत आधी अंगण, मग ओटी, मग माजघर, मग चूल आणि देव. प्रत्येक आलेला माणूस कुठल्या उंबऱ्यापाशी थांबायचं हे न सांगता ओळखतो. कातकरी अंगणात उकिडवा बसतो. चहा त्याला मिळतो, पुष्कळदा प्रेमानं मिळतो, पण जुन्या घरांत त्याचा कप वेगळा असे आणि तो विसळून वळचणीला खोचून ठेवायचं काम त्याचंच. सत्तरीच्या कातकऱ्याला घरातलं दहा वर्षांचं पोरही ‘अरे’ म्हणून हाक मारतं आणि तो त्या पोराला ‘शेठ’ म्हणतो.

या भागात आदिवासी म्हणजे एकसंध लोक नव्हेत. महादेव कोळी आहेत, मा ठाकूर आणि का ठाकूर आहेत, काही वारली पाडे आहेत आणि सर्वांत खाली ठेवलेले कातकरी आहेत. महादेव कोळी आणि ठाकर स्वतःला कातकऱ्यांपेक्षा वरचे मानतात. कातकऱ्यांच्या आतही सोन कातकरी आणि ढोर कातकरी असे भेद होते. ढोर गाईचं मांस खात म्हणून सोन त्यांच्याशी रोटीव्यवहार करत नसत. एकाच डोंगराच्या कुशीत, एकाच दुष्काळात जगणाऱ्या माणसांनीही आपल्या खाली कुणीतरी राहील अशी तजवीज केलेली असते. डॉ. आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमतेचा सिद्धांत मांडला तो नेमका याच व्यवहाराबद्दल. अशा रचनेत प्रत्येकाच्या वाट्याला थोडा अपमान आणि थोडा मोठेपणा येतो, आणि तो थोडासा मोठेपणा सोडायला कुणी तयार नसतं. त्यामुळे या दोन तालुक्यांत वरच्या जाती विरुद्ध आदिवासी अशी सरळ रेघ मारून चालत नाही.

कातकऱ्याच्या तळाच्या जागेला एक इतिहास आहे, आणि त्यात वंशाची भाषा बरीच आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा त्यांचा मूळ धंदा. काथोडी हे नावही त्याच धंद्यावरून आलं. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगल राखीव होत गेलं आणि खैर तोडणं हा गुन्हा ठरत गेला. पुढे कोळसा पाडणं, लाकूडतोड, शेतमजुरी एवढंच उरलं. त्याच काळात, १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात कातकऱ्यांचा रंग, अंगलट, खाणं आणि चोरीची सवय हे सगळं एका दमात नोंदलं गेलं. जगण्याचं साधन काढून घेतल्यावर माणूस जे करतो, ते त्याच्या कातडीचा आणि रक्ताचा गुण म्हणून कागदावर उतरलं. इंग्रज अंमलदारांच्या लेखी ही गुन्हेगारीकडे कल असलेली जमात होती. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, पण गावात कोंबडी हरवली की पहिला संशय वाडीवर जातो, तो अजून गेलेला नाही.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले तर नाकाची रुंदी-लांबी मोजून जातींची उतरंड सिद्ध करायला निघाले होते. मुंबई विद्यापीठातले प्राध्यापक गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली तीच मापं तपासली आणि उत्तरेचा एक पट्टा सोडला तर नाकाचा आणि जातीच्या दर्जाचा मेळ बसत नाही असं दाखवलं. १९४८ साली अस्पृश्यतेवरच्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी त्याच मापांच्या आधारे ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे आहेत हे म्हणणं खोडून काढलं. विज्ञानाच्या पातळीवर हा विषय तेव्हाच संपला. लोकांच्या बोलण्यातून तो संपला नाही. ‘त्यांच्या रक्तातच ते आहे’ हे वाक्य आजही चांगली शिकली-सवरलेली माणसं कातकऱ्यांबद्दल सहज बोलून जातात: दारू रक्तात, उधळेपणा रक्तात, पळून जाणं रक्तात.

पळून जाण्याची गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. दिवाळी झाली की वाडीवर वीटभट्टीचे मालक किंवा त्यांचे मुकादम येतात. बहुतेक वेळा बयाना आधीच, पावसाळ्यात घरात दाणा नसताना, आजारपणाला किंवा लग्नाला दिलेला असतो. बयाना जोडीला मिळतो, म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक जोडी, पण वहीत नाव पुरुषाचं. सगळं कुटुंब भट्टीवर जातं, कच्च्या विटा रचून त्यांवर गवत-पाल्याचं छप्पर टाकून खोप करतं. माती रात्री भिजवून, तुडवून ठेवलेली असते. ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून थापणी मध्यरात्रीनंतरच सुरू होते. पुरुष चिखलाचा गोळा साच्यात आपटतो, बाई साचे उचलून रांगेत पालथे घालते, जरा मोठं पोर सुकलेल्या विटा उभ्या करतं आणि त्याहून लहान असलेलं त्याच्याहून लहानाला सांभाळतं. मजुरी हजार विटांमागे ठरलेली असते. आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, मीठ-मिरची-तांदूळ येईल एवढी. खरा हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. हजेरी मालकाच्या वहीत, विटांची मोजणी त्याच्या माणसाची, फुटलेल्या आणि पावसात भिजलेल्या विटा वजा. हिशेबाअंती अंगावर पैसे राहिले, तर ते पुढच्या हंगामाच्या बयान्यात धरले जातात.

अशा हिशेबातून एखादी जोडी रात्री उठून निघून गेली, की ‘कातकरी बेभरवशाचा’ हे मत पक्कं होतं. मग पुढच्या वेळी मालक पैसे आणखी जखडून देतो, आणि पळून जाण्याचं कारण आणखी वाढतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली अशा चक्राचं विवेचन केलं: चुकीच्या समजुतीवरून लोक असे वागतात, की ती समजूत खरी ठरते. शाळेतही हेच चक्र फिरतं. पोर दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर जातं, जूनमध्ये परत येतं, वर्गातलं काही कळत नाही, मागच्या बाकावर बसतं, आणि ‘यांना शिक्षणाची गोडी नाही’ असं शिक्षकांच्या खोलीत ठरून जातं. १९३८ साली सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर सरकारला अहवाल दिला, तेव्हाही लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी राबणारा लग्नगडी ठाणे जिल्ह्यात होता. १९७६ साली वेठबिगारी कायद्यानं बंद झाली. १९८२ साली विवेक पंडितांनी वसईत श्रमजीवी संघटना काढली, तिचं काम पुढे शहापूर-मुरबाडपर्यंत आलं; मुरबाडमध्ये इंदवी तुळपुळे यांची श्रमिक मुक्ती संघटना उभी राहिली. या संघटनांना वर्षानुवर्षं कशासाठी झगडावं लागलं? वहीतला आकडा मजुराला दिसावा आणि हिशेबाला दोन बाजू असाव्यात, एवढ्या साध्या गोष्टीसाठी.

इथे पूर्वग्रहाच्या अभ्यासातला एक महत्त्वाचा सिद्धांत अडखळतो. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली म्हटलं, की दोन गटांचा एकमेकांशी संबंध आला, तर पूर्वग्रह कमी होतो. पुढे पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले आणि २००६ साली पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी सांगितलं, की बहुतेक ठिकाणी हे खरं ठरतं. मग शहापूर-मुरबाडमध्ये पूर्वग्रह उरायलाच नको होता. कुणबी आणि कातकरी पिढ्यान्‌पिढ्या रोज भेटतात. लावणीला एका चिखलात उभे असतात, एकमेकांच्या लग्नात नाचतात, एकमेकांची दुःखं त्यांना ठाऊक असतात. परस्पर अनोळखी म्हणावेत असे हे समाज मुळीच नाहीत.

ऑलपोर्ट यांनी अटी घातल्या होत्या, त्या विसरल्या जातात. भेटणाऱ्यांचा दर्जा त्या भेटीपुरता तरी समान हवा, उद्दिष्ट दोघांचं हवं, त्यासाठी एकमेकांच्या मदतीची गरज हवी आणि वरच्या सत्तेचं पाठबळ हवं. भट्टीवर पहिलीच अट मोडते. आणि तरी भट्टीवर माया असते, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मालक मजुराच्या पोराला दवाखान्यात नेतो, मयताला तांदूळ धाडतो, सणाला लुगडं घेतो. तो खोटं वागत नसतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मेरी जॅकमन यांनी १९९४ च्या पुस्तकात गोरे-काळे, स्त्री-पुरुष आणि आर्थिक वर्ग यांच्या संबंधांवर लिहिताना हेच दाखवलं: वर्चस्व टिकवायला द्वेष लागत नाही, उलट जिथे संबंध रोजचे आणि जवळचे असतात तिथे ते मायेनंच अधिक टिकतं. त्याआधी १९८६ साली त्यांनी आणि मारी क्रेन यांनी दाखवलं होतं, की काळ्या मित्र-शेजाऱ्यांमुळे गोऱ्यांच्या भावना मऊ होतात, पण नोकऱ्या, घरं, शाळा यांत सरकारनं समानता आणावी का असं विचारलं, की मतं फारशी हलत नाहीत. ‘तुम्हाला कातकऱ्यांबद्दल काय वाटतं’ असं गावात विचारलं, तर उत्तर नेहमी आपुलकीचं येईल. म्हणून तो प्रश्न निरुपयोगी आहे. त्याच्या नावावर सातबारा झाला तर चालेल का, त्याची पोरगी तुमच्या पोराच्या बाकावर बसून त्याच्यापुढे गेली तर कसं वाटेल, हे विचारलं पाहिजे.

समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी १९५८ साली वंशद्वेषाची जी व्याख्या केली, ती इथे चपखल बसते. पूर्वग्रह हा एकेका माणसाच्या मनातला राग नसतो, आपल्या गटाची जागा कुठली आणि दुसऱ्याची कुठली याबद्दलची ती सामूहिक जाणीव असते. जागा जिथल्या तिथे असेतो माया वाहते. जागा हलली की बोलणं बदलतं. शहापूर तालुका आणि मुरबाडची बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेनं अशा क्षेत्रातल्या तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांसारख्या पदांची भरती स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवली, तेव्हा कुणबी-आगरी तरुणांत जो संताप उसळला, तो आदल्या वर्षापर्यंत त्याच आदिवासींबरोबर मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा होता. त्यांची अडचण खोटी नव्हती. दोन एकरांच्या कुणब्यालाही नोकरी हवीच आहे, आणि भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जाताना त्याच्याही विहिरीला उन्हाळ्यात तळ लागतो. पण शहराकडे बोट न दाखवता त्यानं ते आपल्याहून गरीब शेजाऱ्याकडे दाखवलं. वनहक्क कायद्यानं हाच पेच वाढवला. त्यात बिगरआदिवासी कसणाऱ्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो, आदिवासीला लागत नाही. एकाच रानातल्या दोन तुकड्यांना दोन न्याय लागले, आणि ग्रामसभेत एका बाजूला बसणारे दोन बाजूंना बसले.

धर्माच्या बाबतीत हीच कसोटी लावून पाहता येते. आपल्या ठाणे जिल्ह्यात मलंगगड आहे. हाजी मलंग म्हणा किंवा श्रीमलंग, कल्याणचं केतकर हे ब्राह्मण घराणं तिथल्या वहिवाटीत पिढ्यांपासून आहे, मुसलमान भाविक आहेत, आणि आगरी-कोळी घरांतून नवसाची माणसं गड चढतात. १९८० च्या दशकापासून गड कुणाचा हा वाद राजकारणात आला आणि दर माघी पौर्णिमेला बंदोबस्त लागू लागला. शेकडो वर्षांची सरमिसळ होती, तरी वादाच्या काळात तिला बोलायला तोंड नव्हतं, कारण एकत्र नवस फेडणारे लोक एकत्र बसून काही ठरवत नव्हते. शेजारच्या भिवंडीनं याची किंमत मोजली. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली, न्यायमूर्ती मादन आयोग बसला. १९८४ साली पुन्हा तेच झालं. यंत्रमागाच्या धंद्यात हिंदू सूतव्यापारी आणि मुसलमान विणकर एकमेकांशिवाय चालू शकत नव्हते, पण त्या गरजेनं दंगल थांबली नाही.

१९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या बांधल्या. प्रत्येकीत दोन्ही धर्मांची माणसं सारख्या संख्येनं घेतली, पुढारी कमी आणि रोजचे रहिवासी जास्त. नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत सगळं त्यांनीच बसून ठरवायचं, आणि पोलीस बाजूला बसलेले. ऑलपोर्टच्या चारही अटी एका खोलीत आल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली भारतातल्या शहरांचा अभ्यास मांडला, त्यात हा भेद स्पष्ट केला आहे: रोजची ऊठबस लहान वेळी उपयोगी पडते, मोठ्या वेळी संघटित, बरोबरीचं सहकार्यच टिकतं.

कातकऱ्यांना असं बसायला खुर्ची कुठे मिळते? आश्रमशाळेत थोडी मिळते. शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या शाळांत महादेव कोळी, ठाकर, वारली आणि कातकरी मुलं एका पंगतीला जेवतात आणि एकाच नळावर ताटं घासतात. त्यांच्या आज्यांना हे चाललं नसतं. पण त्या पंगतीत कातकरी मुलं वरच्या वर्गांत विरळ होत जातात, आणि त्यामागे पुन्हा भट्टी असते.

आणि कातकऱ्यांची खरी परीक्षा सध्या जमिनीवर चालली आहे. अनेक कातकरी वाड्या पूर्वापार मालकाच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर आहेत. जवळ राहिले की कामाला मिळतात, म्हणून मालकांनीच त्यांना कधीकाळी माळावर वसवलं. कागद कुणी केला नाही, आणि त्याची गरजही कुणाला वाटली नाही. रायगड-ठाण्यातल्या अशा वाड्यांचा डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी अभ्यास केला, त्यात दिसतं, की फार्महाऊसं आणि रस्ते आले, जमिनीचे भाव चढले, तसं याच वाड्यांना कुंपण पडू लागलं. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. या समूहांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं पीएम-जनमन योजना आणली, तिच्यात पक्कं घर आहे. ते बांधायचं तर पायाखालची जमीन स्वतःची हवी, नाहीतर मालकाची लेखी संमती हवी. ज्या घरानं चार पिढ्या वाडीच्या लग्नाला तांदूळ दिले, त्याच घराच्या अंगणात कातकरी तो कागद घेऊन बसतो. चहा येतो, पोराबाळांची चौकशी होते, आणि सही पुढच्या आठवड्यावर जाते.